मोजेवालीची शेवटची चार पानं

स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई शेवटच्या पानावरही तशीच उभी आहे, अशी कादंबरी तुम्ही अलीकडे कधी वाचलीत? पटकन उत्तर देऊ नका. आधी पुस्तकाचं नाव सांगा, मग शेवटचा परिच्छेद आठवा, आणि त्यात तिच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा.

हा प्रश्न माझा नाही. सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका जुन्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या शालिनीताई मयेकर तो विचारायच्या. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याच्याही आधी. मी तावातावाने एका गाजलेल्या कादंबरीचं नाव घेतलं होतं.

"शेवटची ओळ सांग."

मला आठवेना.

"मग तुला पुस्तक आठवत नाही. पुस्तकाबद्दल जे छापून आलं ते आठवतंय. बस. पाणी आणते."

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मात्र तोआ पायोहला नाही, पासिर रिसच्या एका कॉन्डोत, म्हणजे महागड्या गृहसंकुलात. मला सिंगापुरात येऊन तीन महिने झाले होते. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी होती. मराठी बायकांच्या एका वाचनगटाचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला: शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कादंबऱ्यांमधली नोकरी करणारी स्त्री, बोलणार शालिनी मयेकर, रविवारी चार वाजता, अल्पोपाहार आहे. माझे वडील इचलकरंजीला कामगारांची पत्रकं लिहायचे आणि छापून आणायचे. त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. अमेरिका आणि स्वातंत्र्य हे शब्द एका वाक्यात आले की समोरचा काहीतरी विकतोय असं समजायचं, हे मला शाळेत जाण्याआधीच कळलं होतं. तेव्हा मी त्या रविवारी ऐकायला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

बाई ठेंगण्या होत्या. अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, पँट, मनगटावर पुरुषी घड्याळ. वही उघडून त्या बोलू लागल्या. लहान गावातली मुलगी एक सुटकेस घेऊन मोठ्या शहरात येते. टायपिंग शिकते, किंवा दुकानात काउंटरमागे उभी राहते, किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या लिहिते. भाड्याच्या खोलीत गॅसच्या एका शेगडीवर रात्रीचं जेवण करते. पाय सुजतात. एकटी असते. आणि तरी सकाळी कामावर निघताना तिला बरं वाटतं.

"आपल्याकडच्या गोष्टीत नोकरी करणारी बाई दमलेली असते," शालिनीताई म्हणाल्या. "इथेही ती दमलेलीच आहे. पण तिला काम आवडतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, छपाईची चूक असेल."

बायका हसल्या. तेवढ्यात घरातली मदतनीस चहाचा ट्रे घेऊन आली. बर्मी मुलगी, पंचविशीची. शालिनीताई थांबल्या.

"हिचं नाव काय?"

"मे," यजमानीण म्हणाल्या. "थँक यू मे, ठेव तिथे."

"आज रविवार. हिची सुट्टी नसते?"

"तिलाच कुठे जायचं नसतं हो ताई. तिला इथेच आवडतं."

शालिनीताईंनी त्या मुलीला इंग्रजीत विचारलं, "मे, आज तुझी सुट्टी का?" मुलीने उत्तर देण्याआधी मालकिणीकडे पाहिलं. बस, तेवढंच. शालिनीताईंनी वही मिटली. "या कादंबऱ्यांतल्या मालकिणी हेच वाक्य बोलतात, तिला इथेच आवडतं. घरी गेल्यावर पानं काढून पाठवते," असं म्हणून त्यांनी स्वतःचा कप उचलला, स्वयंपाकघरात जाऊन धुतला, पालथा घातला आणि चपला घालून निघाल्या.

मी त्यांच्यामागे धावले. लिफ्टमध्ये मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "तू कशाला आलीस पाठोपाठ? टाळ्या वाजवायला? माझं चुकलं. मी तिथून निघाले, पण ती पोरगी त्याच घरात आहे. आता बोलणी तिला बसतील. हे मला आधी सुचायला हवं होतं."

भांडायला आलेल्या माणसाशी असं वागलं की त्याची पंचाईत होते. माझी झाली. मी तेव्हापासून चार वर्षं त्यांच्याकडे जात राहिले, आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास मात्र एकही दिवस ठेवला नाही. त्यांना ते माहीत होतं. त्यांना ते बहुधा आवडतही होतं.

वाचनगट अर्थातच फुटला. आम्ही पाचजणी उरलो आणि तोआ पायोहला जमू लागलो. तिथले नियम ठरलेले होते. त्यांना काकू म्हणायचं नाही. "मी तुझ्या कुठल्या काकाची बायको? ताई म्हण. निदान ते नातं मधे कुणी पुरुष न घालता लागतं." पुस्तक शेवटच्या पानापासून उघडायचं. आणि वाचताना समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहायचा: किल्ली कोणाकडे? नायिकेच्या खोलीची किल्ली खोलीवालीकडे आहे, साहेबाकडे आहे, भावाकडे आहे की तिच्या स्वतःच्या पर्समध्ये? त्यांच्या कपाटातल्या साठेक जुन्या पुस्तकांच्या समासांत हा प्रश्न बारीक अक्षरात लिहिलेला होता. बहुतेक पुस्तकांत शेवटच्या दहा पानांत किल्लीचा उल्लेखच येईनासा होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. दोनशे पानं स्वतःचं पोट भरणारी बाई शेवटी कुणाच्या तरी दंडाला धरून पायऱ्या उतरते, आणि लेखक आपल्याला टाळ्या वाजवायला सांगतो.

मी एकदा म्हणाले, "ताई, या गोऱ्या बायकांच्या गोष्टी. यात कपडे धुणाऱ्या चिनी माणसाला नाव नाही. जिना पुसणाऱ्या काळ्या बाईला नाव नाही. युनियनचा तर पत्ताच नाही."

"एकशे बारावं पान उघड," हातातलं पुस्तक पुढे करून त्या म्हणाल्या.

एकशे बाराव्या पानावर त्या चिनी माणसाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'याला नाव का नाही?' तारीख माझ्या जन्माच्या आधीची होती.

"तुझ्या पत्रकांनी तुला राग शिकवला, चांगलं केलं," त्या म्हणायच्या. "पण राग आला की पुस्तक मिटायचं नसतं. तिथे खूण करून पुढे जायचं असतं."

ही शिकवण त्यांना पुस्तकांनी दिली नव्हती. ती बंदरातली होती. त्यांचे यजमान मयेकर जहाजावर इंजिनियर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यांच्या मागून वेंगुर्ल्याहून शालिनीताई सिंगापुरात आल्या तेव्हा त्यांच्या हातात राहण्याच्या परवान्याचं, म्हणजे पासचं, जे कार्ड पडलं त्यावर लिहिलं होतं, डिपेंडंट. "मराठीत आश्रित," त्या सांगायच्या. "कोशात बघ. याहून बरा शब्द सापडला तर मला फोन कर." नवऱ्याचा पास संपला की बायकोचा संपतो, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. खटपट करून त्यांनी एका कचेरीत टायपिस्टची जागा मिळवली. ती कचेरी जहाजांना लागणारा माल पुरवायची: तांदूळ, कांदे, दोरखंड, रंग. पुढे त्यांच्याकडे काम आलं ते बोटीवर जाणारा माल यादीप्रमाणे आहे की नाही हे धक्क्यावर उभं राहून बघायचं. पहिल्याच महिन्यात एका पुरवठादाराच्या कांद्याच्या खोक्यांवर वरिष्ठ सही करायला निघाले. शालिनीताईंनी एक खोकं तिथेच सिमेंटवर उपडं केलं. वरचे कांदे गुलाबी, चकचकीत. खाली काळं पाणी.

"वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो," हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं असणार. मी ते त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं. राजकारण्यांबद्दल, लग्नाच्या स्थळांबद्दल, आणि हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतल्या पपईबद्दलही.

पुस्तकंसुद्धा त्या धक्क्यावरच भेटली. एका जहाजाने खलाशांच्या वाचनालयातली रद्दी टाकायला काढली होती. त्या गठ्ठ्यात एका टायपिस्ट मुलीची गोष्ट होती. शालिनीताईंनी ती जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवून वाचली. मग जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळण्याचा नाद लागला. मयेकर बंदरोबंदरी फिरायचे, त्यांनाही फर्मान सुटलं. "इतर बायका सेंट मागवतात," ते एकदा मला म्हणाले. "आमच्याकडे यादी यायची: जुनं, अमेरिकन, नायिका नोकरीवाली. दुकानदार माझ्याकडे बघत राहायचे हो."

अशाच एका फेरीत ती कादंबरी घरात आली. तिचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर तुमच्यापैकी कोणीतरी आजच फोनवर शेवट शोधून काढेल. नायिका एका मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर काम करते. शालिनीताई तिला 'आमची मोजेवाली' म्हणायच्या. पातळ कातड्याचा मोजा गिऱ्हाइकाच्या हातावर चढवणं ही तेव्हा एक कला होती. गिऱ्हाईक कोपर छोट्या उशीवर टेकवायचं, मोजेवाली आत पावडर टाकायची, लाकडी चिमट्याने बोटं सैल करायची आणि एकेक बोट हळूहळू खाली सरकवायची. हे सगळं लेखिकेने इतकं बारीक लिहिलंय की वाचताना आपल्याच बोटांना काहीतरी होतं. मोजेवाली पुढे सरकत जाते, खरेदी विभागात जाते, एका भल्या माणसाला नाही म्हणते, आणि शेवटी दूरच्या शहरातल्या नव्या जागेवर रुजू व्हायला निघते. स्टेशनवर ती हमालाला गाडी पोचण्याची वेळ विचारते. पान संपतं.

"बघ," शालिनीताई म्हणायच्या. "इतक्यांमध्ये ही एकटी. शेवटच्या पानावर ती आहे, तिची ट्रंक आहे आणि गाडीची वेळ आहे."

नोकरी सांभाळून नऊ वर्षं त्या या कादंबरीचा मराठी अनुवाद करत होत्या. निवृत्त झाल्यावर तो पुरा झाला. मी तो संगणकावर उतरवून दिला आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवला. संपादकांचं उत्तर लगेच आलं. गोड होतं. भाषा लखलखीत आहे, काळ जिवंत झालाय, 'फक्त शेवट थोडा कोरडा वाटतो, वाचकाच्या हाती काहीतरी लागायला हवं.'

"थोडा," शालिनीताई म्हणाल्या. "या 'थोडा'वर लक्ष ठेव."

"ताई, तुम्ही प्रत्येकावर संशय घेता."

"तू नाही घेत?"

मी घेत होते, पण वेगळ्याच माणसावर. झालं असं की लेखिकेविषयी चार ओळी हव्यात असं संपादकांनी कळवलं. मी परदेशातल्या ग्रंथालयांच्या साइट चाळू लागले, तर एका ठिकाणी ही अख्खी कादंबरी पानापानाचं छायाचित्र काढून ठेवलेली सापडली. सहज शेवटी गेले. गाडीच्या वेळेच्या पानानंतर आणखी चार पानं होती.

त्या चार पानांत तो भला माणूस धावत स्टेशनवर येतो. मोजेवाली रडते. तो तिच्या बोटात अंगठी घालतो. ती मोजा ओढून घेते, ट्रंक परत घोडागाडीत चढते, आणि खाली ठळक अक्षरांत 'समाप्त'.

पुढच्या शनिवारी त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा मी त्यांची प्रत कपाटातून काढली. शेवटचं पान आणि पुठ्ठा यांच्या मधल्या बेचक्यात दोन कागदांची अगदी अरुंद कड होती. फाटलेली नव्हती. पट्टी लावून पात्याने कापल्यासारखी सरळ होती. आणि पट्टी लावून पात्याने कागद सरळ कापणारं एक माणूस मला माहीत होतं. कचेरीत लेबलं कापायची सवय शालिनीताईंच्या हाताला निवृत्तीनंतरही होती. आमंत्रणाचा लिफाफासुद्धा त्या पट्टी लावून उघडायच्या.

तीन आठवडे मी हे कोणाला बोलले नाही. खरं कारण सांगते. मला तो स्टेशनवरचा शेवट हवा होता. त्यांनी तो पात्याने मिळवला असेल तर तसा. संध्याकाळी कामावरून सुटले की मी स्वतःला समजवायचे की चार पानांसाठी कोण अमेरिकेतलं ग्रंथालय तपासत बसणार आहे? आणि दुसरीकडे मला त्यांचा रागही यायचा. सगळ्या जगाची खोकी उपडी करणारी ही बाई, आणि स्वतः?

चौथ्या शनिवारी मी छापील चार पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "ताई, ही तुम्ही कापलीत का?"

त्यांनी चष्मा लावला. चारही पानं वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग स्वतःची प्रत आणली आणि त्या अरुंद कडेवरून बोट फिरवलं.

"हा प्रश्न किती दिवस पोटात ठेवलास?"

"तीन आठवडे."

"पुस्तक घरात आलं तेव्हापासून ही पानं त्यात नव्हती, एवढंच मी सांगू शकते. तू विश्वास ठेव असं म्हणणार नाही. तुझ्या जागी मी असते तर ठेवला नसता." त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "खाली 'समाप्त' नाही हे मला दिसलं कसं नाही गं? त्या काळच्या प्रत्येक पुस्तकात असतं. इतकी खोकी उपडी केली, आणि हे एक मी वरच्या थरावर पास केलं."

याआधी मी त्यांना कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी म्हणाले, "मग काय बिघडलं? आपण आहे तसंच छापू. स्टेशनपर्यंत. तोच शेवट योग्य आहे. आज आपल्या बायकांना तोच हवाय."

"योग्य?"

"कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता चपला घालून निघायची पाळी माझी आहे. "तुमच्या पत्रकांत असंच करतात? गैरसोयीचं असेल ते पात्याने कापतात?"

चारही पानं त्यांच्याकडेच ठेवून मी निघाले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पूर्ववत. "चारही पानं मी पुन्हा वाचली. मला संशय येतोय. हे तिनं लिहिलेलं नसावं."

"ताई, तुम्हाला तसं वाटायला हवंच आहे."

"म्हणूनच तू बरोबर चल. मला सोयीचं तेच दिसेल. तुला माझी चूक दिसेल."

आम्ही गेलो कुठे, तर थंड देशांत जाणाऱ्यांसाठी कोट, टोप्या विकणाऱ्या एका दुकानात. बाहेर अंगाला शर्ट चिकटत होता. आत एसीत मखमली कोट टांगलेले. काउंटरवरची चिनी मुलगी खूश झाली.

"आंटी, कोरियाला चाललात का? तिकडे फार थंडी, ला!" तिथल्या सवयीचा 'ला' लावून ती म्हणाली.

"कोरिया नाही. कातड्याचा मोजा. एकदम पातळ आणि घट्ट."

मोजा आला. शालिनीताईंनी बोटातली खड्याची अंगठी तशीच ठेवून हात आत घातला आणि एका झटक्यात ओढला. कारण चार पानांत तसंच लिहिलंय: नवी अंगठी घातलेल्या हातावर तिने मोजा एका हिसक्यात ओढून घेतला. मोजा अंगठीपाशी अडला. त्यांनी पुन्हा ओढला. ती मुलगी जवळजवळ किंचाळली.

"नो, नो, आंटी! असं नाही! आधी अंगठी काढा. शिवण जाईल. एकेक बोट, हळू." आणि तिने शालिनीताईंचा हात स्वतःच्या हातात घेतला, मोजा काढला, उलटा करून शिवण तपासली आणि एकेक बोट खाली सरकवायला सुरुवात केली. शालिनीताई मोज्याकडे नाही, त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. रोज करते ना. सगळे ओढतात, मग फाटला की बॉस माझ्यावर ओरडतो."

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दोनशे पानं ज्या बाईने मोजा कसा चढवतात ते लिहिलं, ती शेवटी असं लिहील? या मुलीला जे कळतं ते तिला कळत नव्हतं? प्रकाशकाने दुसऱ्या कोणाकडून तरी शेवट जोडून घेतलाय."

मी म्हणाले, "किंवा मोजेवालीला आता मोज्याची पर्वा उरली नाही, हे दाखवायला तिनेच मुद्दाम तसं लिहिलं असेल. नोकरी सोडलीच आहे. फाटला तर फाटला."

त्या फुटपाथवर थांबल्या. लोक बाजूने वळसा घालून जात होते. "हे वाईट आहे," त्या म्हणाल्या. "हे फारच वाईट आहे. पण असू शकतं. लिहून ठेव."

नऊ दिवसांत त्यांनी ती चार पानं मराठीत आणली. मी टाइप केली. भाषेत कुठेही सूड नव्हता. रडणं रडण्यासारखं, अंगठी अंगठीसारखी. पुढे एक टीप जोडली: ही पानं माझ्या प्रतीत नव्हती, दुसऱ्या प्रतीत आहेत. ती मूळ लेखिकेच्या हातची आहेत का, याबद्दल मला शंका आहे. शंकेची कारणं आणि शंकेविरुद्धचं कारण, दोन्ही खाली देत आहे. विरुद्धचं कारण माझं होतं. ते माझ्या नावानिशी घातलं होतं.

संपादकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. शालिनीताईंनी स्पीकर लावला.

"ताई, अहो हा तर शेवट! इतके दिवस कुठे लपवला होता? आता पुस्तक पूर्ण झालं. लगेच छापायला घेऊ."

"आणि टीप?"

"टिपेची गरज नाही हो. वाचकाला रसभंग होतो. बाई सुखी झाली, आपण कशाला मध्ये शंका काढायची?"

"आणि मी ती चार पानं घातलीच नसती तर?"

"मग... जरा विचार करावा लागला असता."

"तुम्हाला टिपेची गरज नाही," शालिनीताई म्हणाल्या, "मग मला तुमची नाही." आणि फोन ठेवला. नऊ वर्षांचं काम एका वाक्यात परत घेतलं. मी तिथेच होते. त्यांचा हात फोनवरून लगेच उचलला गेला नाही.

मग तोआ पायोहच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पंचवीस प्रती निघाल्या. स्पायरल बाइंडिंग, निळा पुठ्ठा, मुखपृष्ठावर चित्र नाही. स्टेशनच्या पानानंतर एक रिकामं पान, मग ती चार पानं, मग टीप, आणि शेवटी आठ कोरी रेघाळलेली पानं. मयेकर आता निवृत्त होऊन घरीच असायचे. त्यांनी गठ्ठे उचलून घरी आणले. "निदान या खेपेला दुकानदार विचित्र बघत नव्हता," म्हणाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. नोकरी गेली की पास जातो. महिन्याभरात मी निघायचं होतं. जाण्याआधीच्या शनिवारी लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या मोठ्या दुकानात बॅगेला कुलूप घ्यायला गेले, तर सरकत्या जिन्याने उतरताच समोर भाज्यांच्या विभागात शालिनीताई दिसल्या. एका तिशीच्या मराठी बाईच्या मागे मागे चालल्या होत्या. ती बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, एम.टेक. करून गवार निवडतेय, दुसरं काय." तिने फोन ठेवला तशा शालिनीताई पुढे झाल्या आणि निळी प्रत समोर धरली.

बाईने पर्स छातीशी घेतली. "नको, आम्हाला इन्शुरन्स आहे."

"इन्शुरन्स नाही. कादंबरी आहे."

"विकत नकोय हो."

"विकत नाही. वाचायची, शेवटी लिहायचं आणि दुसरीला द्यायची."

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही कोण, कोणाची माणूस, हिला यातून काय मिळणार, सगळं तिच्या नजरेत होतं. शालिनीताई हसल्या नाहीत, पटवायचा प्रयत्न केला नाही. तशाच प्रत धरून उभ्या राहिल्या. शेवटी तिने ती घेतली, विश्वास न ठेवता, आणि ट्रॉलीत कोथिंबिरीवर टाकली. ती रांगेत लागली, पैसे देऊन बाहेर पडली, तोपर्यंत शालिनीताई तिथून हलल्या नाहीत. मी हाक मारणार होते. मारली नाही. मी परत जिन्यावर पाय ठेवला तेव्हाही त्या दाराकडेच बघत होत्या.

आता माझी मागणी. त्या पंचवीस प्रतींपैकी सहा मी माझ्याबरोबर आणल्या. एक कोल्हापुरात आहे, एक नाशिकला, बाकीच्या कुठे पोचल्या मला ठाऊक नाही, आणि तसंच असायला हवं. निळ्या पुठ्ठ्याची, नाव नसलेली एखादी प्रत कोणी तुमच्यासमोर धरली तर घ्या. देणारीवर संशय घ्या, पण घ्या. स्टेशनच्या पानापर्यंत वाचा आणि रिकाम्या पानावर एक दिवस थांबा. मग ती चार पानं वाचा. टीप त्यानंतर. आणि मग शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहा की ही चार पानं तुमच्या मते त्या लेखिकेने लिहिली की दुसऱ्या कोणीतरी मागून जोडली. तुमचं मत माझ्या किंवा शालिनीताईंच्या बाजूने पडायला हवं असं नाही. पण शाईने लिहा, कारण द्या आणि खाली स्वतःचं नाव घाला, नवऱ्याचं किंवा बापाचं नव्हे. मग आठवड्याच्या आत ती प्रत दुसऱ्या बाईच्या हातात द्या.